जागतिक राजकारणाचा ऑनलाइन अभ्यास : पहिल्या वर्षी सुरुवात नेमकी कोठून करावी?

धायरीची प्रथमवर्ष

सर्वांना नमस्कार.

मी पुण्यात धायरी येथे राहते. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून यंदा मी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाला राज्यशास्त्र घेऊन प्रवेश घेतला आहे. सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळेत मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे रोज महाविद्यालयात जाऊन शिकणे शक्य नव्हते. पहिल्या सत्रात ‘जागतिक राजकारण’ हा विषय मी हौसेने निवडला, कोणी गळ्यात मारलेला नाही, हे आधीच सांगते. म्हणजे ‘मग घेतलाच कशाला’ असे कोणी विचारणार नाही.

अडचण अशी आहे की व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित असल्यामुळे ती ‘नंतर ऐकू’ म्हणून साचत जातात आणि दर आठवड्याला इंग्रजीतील चाळीस-पन्नास पाने वाचायची असतात. ती मी शब्दकोश उघडून वाचते, तरी पुस्तक मिटल्यावर वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद आणि वॉल्ट्झ, कोहेन, वेंट अशी नुसती नावे डोक्यात उरतात. एका व्याख्यानात ‘आंतरराष्ट्रीय व्यवस्था ही अराजक असते’ असे वाक्य आले. मी ते वहीत उतरवून घेतले, पण मला ते पटलेले नाही. जगात काही ठिकाणी युद्धे चालू आहेत हे खरे, परंतु बाकी सगळीकडे व्यवहार सुरळीत चालतो, मग त्याला अराजक कसे म्हणावे? वर्गात बसले असते तर हात वर करून विचारले असते. पडद्याला काय विचारणार?

तीन आठवड्यांनी पहिला निबंध द्यायचा आहे. विषय आहे, ‘जागतिक राजकारणात राज्यसंस्था हाच अजूनही सर्वांत महत्त्वाचा घटक आहे काय?’ सुरुवात कोठून करावी, हे ज्यांनी हा विषय शिकला वा शिकवला आहे त्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ

तुम्हाला ते वाक्य पटले नाही, ही उत्तम गोष्ट आहे. मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आणि माझा अनुभव असा, की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसते, ती मराठीचीच असते. ओळखीचा शब्द समोर आला की आपण त्याचा ओळखीचा अर्थ लावून पुढे जातो आणि तेथेच वाट चुकते.

‘अराजक’ हेच पाहा. आपल्या बोलण्यात अराजक म्हणजे लुटालूट, दंगल, बेबंदशाही. या विषयात त्याचा अर्थ एवढाच, की राज्यांच्या वर बसून त्यांना दंड करील असा कोणी राजा नाही. शब्दाची फोड केली तर नेमका हाच अर्थ निघतो. गोंधळाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. त्यामुळे जगात अराजक असूनही पत्रे पोचतात, विमाने उडतात आणि १८७४ साली स्थापन झालेली जागतिक टपाल संघटना आजही आपले काम करते. अशी व्यवस्था कशी टिकते, याचे उत्तर वॉल्ट्झसारखे वास्तववादी राज्यांच्या बळावरून देतात, कोहेनसारखे उदारमतवादी परस्परांच्या फायद्यावरून आणि सामाईक संस्थांवरून, तर वेंटसारखे रचनावादी राज्ये स्वतःला आणि इतरांना काय समजतात यावरून. तुमच्या वहीतली नावे ही या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला मात्स्यन्याय, म्हणजे दंड धरणारा कोणी नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो हा विचार, तुम्ही ऐकला असेलच. मात्र निबंधात तो घालण्याचा मोह झाला तर जपून घालावा, कारण तेथे राज्याच्या आतली स्थिती सांगितली आहे आणि वॉल्ट्झ राज्याराज्यांमधल्या स्थितीविषयी बोलतो.

दुसरा शब्द ‘राज्य’. आपल्याकडे राज्य म्हणजे महाराष्ट्र, आणि देशाला आपण राष्ट्र म्हणतो. या विषयात राज्यसंस्था म्हणजे निश्चित भूप्रदेश, लोकसंख्या, शासन आणि सार्वभौमत्व असलेली राजकीय रचना, तर राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असे मानणारा जनसमूह. संयुक्त राष्ट्रे या नावात राष्ट्र असले तरी तिचे सभासद राज्ये आहेत, आणि आज ती १९३ आहेत. तरीही भारत १९४५ साली, स्वातंत्र्याच्या दोन वर्षे आधी, तिचा संस्थापक सभासद झाला, आणि त्याआधी राष्ट्रसंघाचाही, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या तशाच संघटनेचाही, सभासद होता. सार्वभौम नसलेला देश सार्वभौमांच्या पंगतीत कसा बसला? या एका प्रश्नावर मी वर्गात पूर्ण तास घालवत असे, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून बोलणीही खात असे.

तिसरा शब्द वृत्तपत्रांनी बिघडवला आहे, तो म्हणजे ‘तटस्थ’. युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. ३५ देशांनी उपस्थित राहूनही कोणत्याच बाजूने मत दिले नाही, त्यांत भारत होता. ‘भारत तटस्थ राहिला’ असे मथळे आले. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहून पाहणारा. मतदानाच्या वेळी भारताने केलेले निवेदन मात्र काठावरच्या माणसाचे नव्हते. त्या आठवड्यातील निवेदनांत राज्यांच्या सार्वभौमत्वाचा आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर, संवादाचा मार्ग आणि युक्रेनमध्ये अडकलेल्या भारतीयांची सुटका यांवर भर होता. आपले २०,००० हून अधिक लोक तेव्हा तेथे होते, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय शिक्षण घेणारी मुले होती. वास्तववादी अभ्यासक या मतदानाकडे पाहून रशियन शस्त्रसामग्रीवरचे अवलंबित्व आणि चीनची सीमा दाखवील. उदारमतवादी म्हणेल, की दोन्ही बाजूंशी संबंध राखले तरच मुले सुखरूप परत येणार होती. रचनावादी अलिप्ततेच्या परंपरेतून घडलेल्या भारताच्या स्वप्रतिमेकडे बोट दाखवील. एक मतदान घेऊन तीन परिच्छेद लिहा, सिद्धान्तांची नावे आपोआप जागेवर बसतील.

आणि एक मूळ दस्तऐवज वाचा. संयुक्त राष्ट्रांची सनद १११ कलमांची आहे, म्हणजे तुमच्या एका आठवड्याच्या वाचनाहून मोठी नाही, आणि महाजालावर ती विनामूल्य मिळते. आधी कलम २, २४, २५, २७ आणि ५१ एवढीच वाचा. कलम २ मध्ये सर्व सभासद समान असल्याचे तत्त्व सांगितले आहे, आणि कलम २७ मध्ये सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सभासदांना (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स) ते इतरांहून अधिक समान असल्यासारखे वागवले आहे. गंमत म्हणजे ‘नकाराधिकार’, म्हणजे एकट्याच्या विरोधी मताने ठराव पाडण्याचा अधिकार, हा शब्द सनदेत कोठेही नाही; परिषदेच्या महत्त्वाच्या निर्णयासाठी नऊ मते हवीत आणि त्यांत स्थायी सभासदांची सहमतीची मते असावीत, एवढेच लिहिले आहे. शब्दशः वाचले तर स्थायी सभासदाने मत न दिल्यासही ठराव पडायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. मत न देणे म्हणजे नकार नव्हे, अशी प्रथा पडली आणि नामिबियासंबंधीच्या १९७१ च्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही ती मान्य केली. लिहिलेले आणि वागलेले यांच्यात जे अंतर पडते, त्याचा अभ्यास म्हणजे आमचा विषय, असे मी सांगत असे.

रात्रपाळी

सरांचे म्हणणे मान्य आहे, तरी मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी चिंचवडला एका कारखान्यात नोकरी करून दूरशिक्षणाने याच विषयाची पदवी घेतली आहे. वर्गात शिकणाऱ्याला एका शब्दावर एक तास घालवणे परवडते. दुपारी दोनला दुकानातून सुटून धायरीपर्यंत वाहतुकीत अडकणाऱ्या विद्यार्थिनीला तीन आठवड्यांत निबंध द्यायचा आहे, हे विसरून चालणार नाही.

व्याख्याने साचतात, कारण ती केव्हाही ऐकता येतात. त्यावर मला एकच उपाय सापडला, तो म्हणजे वार आणि वेळ ठरवून घेणे आणि ती वेळ घरातल्यांनाही सांगून ठेवणे. दीडपट वेगाने ऐकण्याच्या फंदात पडू नका. वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण डोक्यात काही शिरत नाही. दहा मिनिटे झाली की थांबवावे आणि आतापर्यंत काय सांगितले ते न पाहता दोन ओळींत मराठीत लिहावे. लिहिता आले नाही तर तेवढाच भाग पुन्हा ऐकावा.

लेख वाचताना मी पहिल्या वर्षी पहिल्या शब्दापासून सुरुवात करून पाचव्या पानावर झोपत असे. पुढे एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने सांगितले, की आधी पहिली दोन पाने आणि शेवटचा भाग वाच, लेखक कोणाशी भांडतो आहे ते शोध, आणि मग मधले वाच. हा विषय म्हणजे भांडणच आहे. ‘राज्यांनी अराजकाला जे रूप दिले, तेच त्याचे रूप’ अशा आशयाचा वेंटचा १९९२ चा लेख वॉल्ट्झच्या १९७९ च्या पुस्तकाशी वाद घालतो, हे ठाऊक नसताना तो वाचला तर काही हाती लागत नाही, आणि ठाऊक असेल तर निम्मा लेख तेथेच समजतो. त्यामुळे सरांच्या विरुद्ध जाऊन सांगतो, की सिद्धान्तांची नावे थोडी तरी आधी पाठ असावीत. भांडणाऱ्यांची तोंडओळख नसेल तर भांडण कसे समजणार?

मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश पाहावेत. विश्वकोश महाजालावर विनामूल्य आहे. शब्दांची एक वही करावी, त्यात इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि तो कोणत्या घटनेत भेटला ते लिहावे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो शब्द आपल्याला आलेला नाही असे समजावे.

एकटेपणाविषयी तुम्ही उघडपणे लिहिलेले नाही, पण ‘पडद्याला काय विचारणार’ हे वाक्य वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. तुमच्या अभ्यासक्रमात पुण्यातले आणखी कोणी असतीलच. दोघेजण शोधा आणि आठवड्यातून एकदा एखाद्या वाचनालयात समोरासमोर बसा. आम्ही तिघे नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात भेटत असू. अभ्यास अर्धा तास होई, चहा एक तास चाले, तरी तिघेही उत्तीर्ण झालो.

मंचरचा कांदा

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी नाही. मंचरला एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो. निबंधाचा विषय वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहितो आहे.

राज्यसंस्था महत्त्वाची आहे काय, हा प्रश्न आमच्या बाजारात कोणी विचारणार नाही. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. एक अधिसूचना निघाली आणि त्याच दिवसापासून माल जागच्या जागी थांबला. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. तुम्ही अचानक कांदा बंद केलात, आता मी आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्या जाहीर कार्यक्रमात हसत म्हणाल्या. सभागृहही हसले. पण त्यांच्या देशाने नंतर म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन येथून कांदा आणला, आणि आम्ही येथे शिकलो की एकदा दुसरीकडे गेलेले गिऱ्हाईक सहजी परत येत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा बंदी आली, ती पुढच्या वर्षी मे महिन्यात उठली.

मागे कुतूहल म्हणून शोधले, तेव्हा कळले की जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण कराराच्या, म्हणजे गॅटच्या, अकराव्या कलमाने अशा निर्यातबंदीला मुळात मनाई केली आहे. मात्र अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालायला त्याच कलमात वाट ठेवली आहे. टंचाई गंभीर आहे हे ठरवायचे कोणी? व्यवहारात ते ठरवते राज्यच. आता त्या राज्याला बंदी घालायला कोणी भाग पाडले ते पाहा. शहरातल्या ग्राहकाला कांदा महाग झाला की सरकारला निवडणूक दिसू लागते. म्हणजे निर्णय राज्याचा, धाक मतदाराचा, पळवाट आंतरराष्ट्रीय कराराची आणि फटका दोन देशांतल्या शेतकऱ्याला व गृहिणीला. यांतला सर्वांत महत्त्वाचा कोण, ते तुम्ही ठरवा. मी असतो तर निबंधात ‘सर्वांत महत्त्वाचा’ या शब्दांनाच आधी धरले असते. कोणत्या कामासाठी महत्त्वाचा, हे विचारले नाही तर उत्तर देण्यात अर्थ नाही.

रात्रपाळी

मंचरकरांनी फारच चांगले उदाहरण दिले. त्याला जोडून एक पुण्याचे देतो. तुम्ही औषधांच्या दुकानात आहात, म्हणून ते तुम्हाला जवळचे वाटेल.

कोव्हिशिल्ड लस ऑक्सफर्ड विद्यापीठात संशोधित झाली, ॲस्ट्राझेनेका या कंपनीने तिचा परवाना दिला आणि ती तयार झाली आपल्या हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जानेवारी २०२१ पासून ती भारतातून परदेशी जाऊ लागली. काही देशांना भारत सरकारने भेट दिली, काहींनी विकत घेतली आणि काही साठा कोव्हॅक्स या जागतिक योजनेला गेला. दुसरी लाट आली तेव्हा निर्यात जवळजवळ थांबली आणि कोव्हॅक्सवर विसंबलेल्या गरीब देशांना वाट पाहत बसावे लागले. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने कच्च्या मालाच्या निर्यातीवरची बंधने उठवावीत, अशी विनंती सीरमच्या प्रमुखांनी समाजमाध्यमावर थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना केली. पुण्यातला उद्योजक अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीरपणे विनवतो, हे दृश्य निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात शोभेल. दुसरीकडे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेत बौद्धिक संपदेचे नियम तात्पुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव ठेवला होता. त्यावर निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही बराच आकसून, लसींपुरता. विद्यापीठ, कंपनी, राज्य, आंतरराष्ट्रीय संघटना, सगळे एका कुपीत सापडतात. पण शेवटी सीमेवर कुपी कोणी अडवली, तेही लिहा.

निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ

दोघांनीही माझ्यापेक्षा चांगले शिकवले. एक पुस्ती जोडतो. बिगरराज्य घटक हे जागतिकीकरणाचे नवे अपत्य आहे, असे पाठ्यपुस्तके सुचवतात. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली स्थापन झाली. ती व्यापार करी, पुढे फौजही बाळगू लागली, तह करू लागली. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभारावरच्या आपल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, बजावले आहे, की हे सावकारी करतात खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे यांची राज्ये आहेत. त्यांना वखारीला जागा द्यावी लागलीच तर ती समुद्रकिनारी देऊ नये. कंपनी आणि राज्य यांच्यातली रेषा किती पुसट असते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा मजकूर मराठीत असताना आपण केवळ परदेशी उदाहरणे द्यावीत, असे मला वाटत नाही. दोनच वाक्ये घाला, अधिक नकोत, नाहीतर निबंध इतिहासाचा होईल.

दूरचित्रवाणीवरच्या चर्चा ऐकून या विषयाचा अभ्यास होतो, असा समज असल्यास तो मात्र आजच सोडावा.

धायरीची प्रथमवर्ष

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत मी साचलेल्या व्याख्यानांपैकी दोन ऐकली, दर दहा मिनिटांनी थांबून, आणि सनदेतली सांगितलेली पाच कलमे वाचली. कलम २७ तीनदा वाचावे लागले. निबंधाची सुरुवात मी लशीपासून करणार आहे, कारण त्या काळात दुकानाबाहेर लागलेली रांग मी आठवीत असताना पाहिली होती, आणि ‘कोणत्या कामासाठी महत्त्वाचा’ हा मंचरच्या काकांचा प्रश्न पहिल्याच पानावर ठेवणार आहे. वडिलांना कांद्याचे उदाहरण वाचून दाखवले. ‘हे शिकून पुढे काय’ असे ते नेहमी विचारतात. काल त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, गॅट म्हणजे काय ते विचारले.

सर, एका ठिकाणी मी अडले आहे. युक्रेनच्या मतदानाची माहिती शोधताना असे दिसले, की २५ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत ११ मते बाजूने असूनही एकट्या रशियाच्या विरोधी मतामुळे ठराव पडला. दोनच दिवसांनी, २७ तारखेला, आमसभेचे आणीबाणीचे अधिवेशन बोलावण्याचा ठराव आला. तेव्हाही ११ मते बाजूने होती आणि रशिया विरोधातच होता, तरी तो ठराव संमत झाला. कलम २७ वरून मला असे समजले, की दुसरी बाब कार्यपद्धतीची मानली गेल्यामुळे तेथे नकाराधिकार चालला नाही. पण एखादी बाब कार्यपद्धतीची आहे की महत्त्वाची, हे ठरवते कोण?

निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ

हा प्रश्न १९४५ साली, सनद जेथे तयार झाली त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत लहान देशांनीही विचारला होता. निमंत्रक चार सत्तांनी (अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि चीन) ७ जून १९४५ च्या निवेदनात त्याला असे उत्तर दिले, की बाब कोणत्या प्रकारची आहे याबद्दल वाद झाला, तर तो ठरवणाऱ्या मतदानातही स्थायी सभासदांची सहमती लागेल. म्हणजे आधी ‘ही बाब कार्यपद्धतीची नाही’ म्हणून एक नकार, आणि मग मूळ ठरावावर दुसरा. याला दुहेरी नकाराधिकार म्हणतात. आणीबाणीच्या अधिवेशनाला मात्र तो लागू पडला नाही, कारण १९५० च्या ‘शांततेसाठी एकजूट’ या आमसभेच्या ठरावातच परिषदेच्या कोणत्याही सात सभासदांनी, आणि परिषद पंधरा जणांची झाल्यापासून नऊ सभासदांनी, मागणी केल्यास असे अधिवेशन बोलावता येईल, असे नमूद आहे. तो ठराव आता वाचा. फार लांब नाही.